युक्रेनवरील आक्रमणाचा क्रम व त्यांतील मृतांची गणना

१. विषयोपन्यास

कोणत्याहि युद्धाची हकीकत लिहूं लागलें असतां दोन प्रश्न पुढें येतात. फौजा कोठून कोठें गेल्या हा एक, आणि त्यांत माणसें किती मेलीं हा दुसरा. पहिल्या प्रश्नाचें उत्तर बहुधा लवकर सांपडतें. दुसऱ्याचें पुष्कळ वेळां पिढ्यान् पिढ्या सांपडत नाहीं. पानिपतच्या संग्रामापूर्वींच्या (इ. स. १७६१) मुक्कामांची जंत्री आज बऱ्याच बारकाईनें लावतां येते, परंतु तेथें पडलेल्यांचा जो आंकडा एक बखर देते तो दुसरीशीं जुळत नाहीं, आणि लष्कराबरोबर गेलेल्या बुणग्यांची, यात्रेकरूंची व बायकामुलांची तर नीटशी हजेरी कोणीं ठेवलीच नव्हती.

ही अडचण केवळ जुन्या काळची असावी, उपग्रहांच्या व छायाचित्रांच्या काळांत ती राहिली नसावी, असें वाटण्याचा संभव आहे. रशियानें ता. २४ फेब्रुवारी २०२२ रोजीं युक्रेनवर जें आक्रमण केलें त्याचीं साधनें तपासलीं असतां हा समज टिकत नाहीं. या युद्धाविषयीं कागद, छायाचित्रें व चित्रफिती यांचा जेवढा संचय झाला आहे तेवढा पूर्वींच्या फारच थोड्या युद्धांविषयीं झाला असेल; तथापि मृतांचा निश्चित आंकडा कोणाजवळहि नाहीं. जे आंकडे प्रसिद्ध होतात ते निरनिराळ्या जातीच्या साधनांवरून निघालेले असतात, आणि ते एकाच पंक्तीला बसवल्यामुळें घोटाळा होतो. म्हणून प्रस्तुत लेखांत प्रथम युद्धाचा क्रम थोडक्यांत देऊन नंतर प्रत्येक आंकडा कोणत्या साधनावर उभा आहे तें पाहावयाचें योजिलें आहे. हकीकत इ. स. २०२५ च्या अखेरपर्यंतची घेतली आहे.

२. पूर्ववृत्त

युक्रेन हें १९९१ पर्यंत सोव्हिएट संघांतील एक प्रजासत्ताक होतें. ता. २४ ऑगस्ट १९९१ रोजीं त्याच्या विधिमंडळानें स्वातंत्र्य जाहीर केलें व ता. १ डिसेंबर रोजीं झालेल्या लोकमतांत शेंकडा नव्वदांहून अधिक मतें स्वातंत्र्याच्या बाजूनें पडलीं. त्याच्या भूमीवर राहिलेलीं सोव्हिएट अण्वस्त्रें त्यानें सोडावीं व रशिया, ब्रिटन आणि अमेरिका यांनीं त्याच्या सरहद्दींचा मान राखावा, असा लेख ता. ५ डिसेंबर १९९४ रोजीं बुडापेस्ट येथें झाला. या लेखास वीस वर्षें पुरीं होण्यापूर्वींच, मार्च २०१४ मध्यें, रशियानें क्रीमिया आपल्या राज्यास जोडून घेतला. त्याच वर्षीं पूर्वेकडील दोनबास प्रांतांत रशियाच्या पाठबळानें फुटीर सत्ता उभ्या राहिल्या व लढाई सुरू झाली. मिन्स्क येथें सप्टेंबर २०१४ व फेब्रुवारी २०१५ मध्यें तहनामे झाले, परंतु तोफा पुरत्या थांबल्या नाहींत. २०१४ पासून २०२१ अखेरपर्यंत दोन्ही बाजू मिळून १४,२०० ते १४,४०० माणसें मेलीं, व त्यांत निदान ३,४०४ नागरिक होते, असा संयुक्त राष्ट्रसंघाच्या मानवाधिकार आयुक्तालयाचा हिशेब आहे. ता. १७ जुलै २०१४ रोजीं पाडण्यांत आलेल्या मलेशियन विमानांतील २९८ माणसें या नागरिकांतच धरलीं आहेत.

जुलै २०२१ मध्यें रशियाचे अध्यक्ष व्लादिमीर पुतिन यांनीं एक दीर्घ निबंध प्रसिद्ध केला. रशियन व युक्रेनियन हे एकच लोक आहेत, असें त्याचें प्रतिपादन होतें, आणि त्यासाठीं प्राचीन कीवच्या राज्यापासूनचा इतिहास साक्षीस आणला होता. इतिहासाच्या अभ्यासकांनीं हा निबंध विसरूं नये. सरहद्दीच्या वादांत इतिहास साक्षीदार म्हणून उभा केला, आणि सात महिन्यांनीं त्याच्या मागोमाग फौजा आल्या.

३. युद्धाचा क्रम

ता. २४ फेब्रुवारीच्या पहांटे फौजा एकाच वेळीं अनेक दिशांनीं शिरल्या. उत्तरेस बेलारूसमधून कीववर, ईशान्येस खारकीववर, पूर्वेस दोनबासांत आणि दक्षिणेस क्रीमियांतून खेर्सोनकडे अशा त्यांच्या वाटा होत्या. राजधानी थोड्या दिवसांत पडेल या अपेक्षेनें कीवजवळील होस्तोमेलच्या विमानतळावर हवाई सैनिक उतरविले गेले, परंतु राजधानी पडली नाहीं. मार्चअखेर उत्तरेकडील फौजा माघारी निघाल्या व एप्रिलच्या पहिल्या आठवड्यांत तो सारा मुलूख मोकळा झाला. दक्षिणेस मात्र खेर्सोन मार्चच्या आरंभींच हातचें गेलें. मारियुपोल शहराला वेढा पडला, आणि आझोव्स्ताल नांवाच्या पोलादाच्या कारखान्यांत शेवटपर्यंत टिकून राहिलेल्या शिबंदीनें मे महिन्यांत शस्त्रें खालीं ठेवलीं.

दुसऱ्या टप्प्यांत पारडें फिरलें. सप्टेंबर २०२२ मध्यें युक्रेनच्या सैन्यानें खारकीव प्रांताचा बहुतेक भाग परत घेतला. त्यावर रशियानें तीन लक्ष राखीव शिपायांची भरती पुकारली, व ता. ३० सप्टेंबर रोजीं चार प्रांत आपल्या राज्यास जोडल्याचें जाहीर केलें. यांपैकीं एकहि प्रांत त्या दिवशीं पुरता त्याच्या ताब्यांत नव्हता. ता. ११ नोव्हेंबर रोजीं खेर्सोन शहर युक्रेनकडे परत आलें. याच शरद् ऋतूंत वीजघरांवर क्षेपणास्त्रांचा व ड्रोनांचा मारा सुरू झाला, आणि पुढील प्रत्येक हिवाळ्यांत तो झाला.

तिसरा टप्पा दमाच्या लढाईचा. बाखमुत हें लहानसें शहर महिनेच्या महिने झुंजून मे २०२३ मध्यें रशियाच्या वाग्नेर नांवाच्या भाडोत्री पथकानें घेतलें, तेव्हां तेथें घेण्यासारखें एकहि घर धड उरलें नव्हतें. ता. ६ जून २०२३ रोजीं रशियाच्या ताब्यांतील काखोव्काचें धरण फुटून द्नीप्रो नदीच्या खालच्या तीरावरील गांवें बुडालीं. त्याच उन्हाळ्यांत युक्रेननें केलेली मोठी चढाई खंदकांत व सुरुंगांत अडकली. फेब्रुवारी २०२४ मध्यें आव्दीव्का पडलें. ऑगस्ट २०२४ मध्यें युक्रेननें उलट रशियाच्या कुर्स्क प्रांतांत मुसंडी मारली, व तेथें त्या वर्षाच्या अखेरीस उत्तर कोरियाचे शिपाई रशियाच्या बाजूनें लढूं लागले. पुढील वर्षीं तो मुलूख रशियानें परत घेतला. २०२५ मध्यें आघाडी थोडी थोडी पश्चिमेकडे सरकत राहिली. वर्षअखेर क्रीमिया धरून युक्रेनचा सुमारें एक पंचमांश मुलूख रशियाच्या ताब्यांत होता.

४. नागरिकांची गणना

नागरिक मृतांचा जो आंकडा वर्तमानपत्रांत वारंवार येतो तो वर सांगितलेल्या मानवाधिकार आयुक्तालयाचा होय. त्याच्या मतें ठार झालेल्या नागरिकांची संख्या फेब्रुवारी २०२३ च्या मध्यास ८,००६, फेब्रुवारी २०२४ च्या मध्यास १०,५८२, आणि २०२५ च्या फेब्रुवारींत १२,६०० हून अधिक होती. वाचकांनीं येथें "पडताळलेले" हा शब्द ध्यानांत घ्यावा. प्रत्येक मृत्यूचा स्वतंत्र तपास होऊन, साक्षी, छायाचित्रें, दवाखान्याचे व पोलिसांचे कागद यांचा मेळ बसला म्हणजेच तो या यादींत चढतो. ज्या मुलुखांत तपासनीसांस प्रवेश नाहीं तेथील मृत्यु तिच्यांत क्वचितच येतात. खरा आंकडा याहून पुष्कळ मोठा असला पाहिजे, असें ती कचेरी स्वतःच सांगत असते. थोडक्यांत, ही अस्सल कागदावर उभारलेली यादी आहे, आणि अस्सल कागदांच्या यादीचा गुण व दोष दोन्ही तिच्यांत आहेत. तींत आहे तें बहुधा खरें. परंतु तींत नाहीं तें घडलेंच नाहीं, असें म्हणतां येत नाहीं.

जेथें तपासनीस पोंचले तेथें काय सांपडलें याचें उदाहरण उत्तरेकडील गांवांत आहे. कीवजवळील बुचा येथून रशियन फौज निघून गेल्यावर रस्त्यांत, तळघरांत व परसांतील खड्ड्यांत प्रेतें आढळलीं. स्थानिक अधिकाऱ्यांनीं चारशेंहून अधिक मोजलीं. आयुक्तालयानें डिसेंबर २०२२ मध्यें कीव, चेर्निहीव व सुमी या तीन प्रांतांतील १०२ गांवांचा व शहरांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. त्यांत लढाईच्या माऱ्यांत सांपडून मेलेले वगळून, केवळ बेकायदेशीर रीतीनें ठार केलेल्या ४४१ नागरिकांची नोंद आहे: ३४१ पुरुष, ७२ स्त्रिया, २० मुलगे व ८ मुली. हें सर्व सहा आठवड्यांतील आहे.

जेथें तपासनीस पोंचले नाहींत त्याचें उदाहरण मारियुपोल. युद्धापूर्वीं सुमारें सव्वाचार लक्ष वस्तीचें हें बंदर सुमारें तीन महिने वेढ्यांत होतें. ता. १६ मार्च २०२२ रोजीं तेथील नाट्यगृहावर बाँब पडला. आंत शेंकडों माणसें आश्रयास होतीं, व बाहेरच्या पटांगणावर "मुलें" हा शब्द आकाशांतून वाचतां येईल एवढ्या मोठ्या रशियन अक्षरांत लिहिलेला होता. एका शोधसंस्थेनें तेथील मृत निदान बारा ठरविले, एका वृत्तसंस्थेनें सहाशेंच्या जवळपास. साऱ्या शहराच्या मृतांविषयींहि तेंच आहे. आयुक्तालयानें जून २०२२ पर्यंत पडताळलेले मृत्यु १,३४८. युक्रेनच्या अधिकाऱ्यांचा अंदाज वीस हजारांहून अधिक. या दोन टोकांमधील जागा भरून काढण्याचा एक यत्न फेब्रुवारी २०२४ मध्यें प्रसिद्ध झाला. ह्यूमन राइट्स वॉच व तिच्या सहकारी संस्थांनीं शहरांतील व आसपासच्या पांच दफनभूमींचीं उपग्रहांतून घेतलेलीं छायाचित्रें व जमिनीवरून घेतलेल्या चित्रफिती ताडून नव्या थडग्यांची मोजदाद केली. शांततेच्या काळीं तेवढ्या अवधींत जे मृत्यु झाले असते ते वजा करून, मार्च २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या वर्षांत निदान ८,०३४ मृत्यु अधिक झाले, असा त्यांचा निर्णय आहे. ढिगाऱ्याखालीं राहिलेले व परसांत पुरलेले यांत नाहींत. उलट, यांपैकीं नागरिक किती व सैनिक किती हें थडग्यांवरून कळत नाहीं. शिलालेख व वीरगळ यांवरून गांवचा इतिहास काढणाऱ्यांस ही रीत ओळखीची वाटेल. इझ्युम येथें सप्टेंबर २०२२ मध्यें पाइनच्या रानांत अशींच चारशेंचाळीसांहून अधिक थडगीं मिळालीं. पुष्कळांवर नांवाच्या जागीं केवळ क्रमांक होता.

पुढील वर्षांत मृत्यूचें साधनहि बदललें. प्रथम तोफा व क्षेपणास्त्रें यांनीं माणसें मेलीं; जानेवारी २०२५ मध्यें नागरिकांची सर्वांत अधिक हानि जवळच्या पल्ल्याच्या ड्रोनांनीं केली, असें आयुक्तालयास आढळलें. ड्रोन सोडणारास खालचा माणूस पडद्यावर दिसत असतो, हें या संबंधांत लक्षांत ठेवावें. २०२५ या एका सालीं अडीच हजारांहून अधिक नागरिक ठार व बारा हजारांहून अधिक जखमी झाले. २०२२ नंतरचें हें सर्वांत घातक वर्ष ठरलें.

५. सैनिकांची गणना

सैनिकांच्या बाबतींत सरकारी कागद जवळजवळ मुके आहेत. रशियाच्या संरक्षणमंत्र्यांनीं ता. २१ सप्टेंबर २०२२ रोजीं आपले ५,९३७ शिपाई पडल्याचें सांगितलें. त्यानंतर त्या सरकारनें एकूण आंकडा प्रसिद्ध केलेला नाहीं. युक्रेनचे अध्यक्ष झेलेन्स्की यांनीं फेब्रुवारी २०२४ मध्यें ३१,००० व डिसेंबर २०२४ मध्यें ४३,००० अशा संख्या दिल्या. शत्रूच्या हानीचे जे आंकडे दोन्ही सरकारें देतात त्यांस बखरींतील आंकड्यांहून अधिक मोल देऊं नये.

सरकारी मौनावर उपाय म्हणून दोन निराळ्या मार्गांनीं काम झालें, आणि दोन्ही आमच्या वाचकांस मनोरंजक वाटतील. पहिला मार्ग नांवांचा. मेदियाझोना ही रशियन वृत्तसंस्था व बी. बी. सी. ची रशियन शाखा यांनीं स्वयंसेवकांच्या साह्यानें गांवोगांवच्या शोकवार्ता, शाळांतील स्मृतिफलक, आप्तांचे संदेश व दफनभूमींतील नव्या थडग्यांवरील नांवें टिपून मृत रशियन शिपायांची नांवनिशीवार यादी केली. २०२५ च्या उन्हाळ्यांत तिनें एक लक्षाचा आंकडा मागें टाकला होता. दुसरा मार्ग वारसाचा. मेलेल्याच्या मालमत्तेवर हक्क सांगण्यासाठीं रशियांत जी नोंद करावी लागते तिचें सार्वजनिक दप्तर आहे. तरुण पुरुषांच्या वारसनोंदी नेहमींपेक्षां किती वाढल्या हें पाहून मेदूझा व मेदियाझोना या संस्थांनीं २०२३ अखेर सुमारें ७५,००० व २०२४ अखेर सुमारें १,६५,००० शिपाई मेले असावेत असें अनुमान काढलें. मराठी दप्तरांत पडलेल्या शिपायाचें नांव लढाईच्या वृत्तांतांत नसलें तरी त्याच्या मुलांस मिळालेल्या बालपरवेशीच्या कागदांत सांपडतें. त्याच जातीचें हें साधन आहे. मृत्यु लपविणाऱ्या सरकारलाहि वारसाचा कागद करावाच लागतो.

हिशेबाचा कागद तोंडच्या बोलण्याची परीक्षा कशी करतो हें बाखमुतच्या प्रकरणांत स्पष्ट दिसतें. वाग्नेर पथकाचा प्रमुख प्रिगोझिन यानें मे २०२३ मध्यें आपले सुमारें वीस हजार लोक तेथें पडले व त्यांत निम्मे तुरुंगांतून भरती केलेले होते, असें सांगितलें. पुढें मृतांच्या आप्तांस द्यावयाच्या रकमांचे कागद वरील दोन संस्थांच्या हातीं आले. त्यांत एकूण १९,५४७ मृत निघाले, म्हणजे बेरीज जवळजवळ बरोबर होती. परंतु त्यांपैकीं १७,१७५ कैदी होते. आपल्या लोकांचा खरा आंकडा सांगणाऱ्या सेनानायकानेंहि कोण मेलें हें सांगतांना सत्याला बगल दिली होती.

आणखी एक वर्ग बेपत्त्यांचा. युक्रेनच्या नोंदवहींत २०२५ सालीं सत्तर हजारांहून अधिक माणसें, सैनिक व नागरिक मिळून, बेपत्ता होतीं. जून २०२५ मध्यें इस्तंबूल येथील बोलण्यांनंतर रशियानें सहा हजारांहून अधिक प्रेतें युक्रेनच्या हवालीं केलीं. त्यांची ओळख रक्ताच्या नात्यावरून पटवावयाची असल्यानें तें काम फार सावकाश चालतें. जसजशी एकेका प्रेताची ओळख पटते तसतसें एक नांव बेपत्त्यांच्या यादींतून मृतांच्या यादींत जातें. म्हणून आज दिलेला कोणताहि आंकडा पुढें वाढणार हें धरूनच चालावें.

६. परागंदा झालेलीं माणसें

जिवंत राहिलेल्यांचीहि गणना करणें भाग आहे. २०२५ च्या आरंभीं सुमारें ६९ लक्ष युक्रेनियन देशाबाहेर आश्रितांच्या यादींत व सुमारें ३७ लक्ष देशांतच विस्थापित होते. व्यापलेल्या मुलुखांतून रशियांत नेलेल्या १९ हजारांहून अधिक मुलांचीं नांवें युक्रेन सरकारनें नोंदलीं आहेत. याच कारणासाठीं हेग येथील आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयानें ता. १७ मार्च २०२३ रोजीं पुतिन व त्यांच्या बालहक्क आयुक्त ल्वोवा-बेलोवा यांच्यावर पकडहुकूम काढले.

हिंदुस्थानाचाहि या युद्धाशीं थेट संबंध आला. तेथें वैद्यकी शिकणारे विद्यार्थी धरून सुमारें २२,५०० भारतीय फेब्रुवारी व मार्च २०२२ मध्यें शेजारच्या देशांतून परत आणले गेले. त्यांत महाराष्ट्रांतील मुलें पुष्कळ होतीं. पुढें रशियन सैन्यांत भरती झालेल्या भारतीयांविषयीं परराष्ट्रखात्यानें जानेवारी २०२५ मध्यें माहिती दिली. एकूण १२६ प्रकरणें, त्यांपैकीं १२ मृत व १६ बेपत्ता, असा तो हिशेब होता.

७. दप्तरांची हानि

गणना ज्या कागदांवर अवलंबून असते तेच या युद्धांत जळाले व लुटले गेले. चेर्निहीव येथें आक्रमणाच्या आरंभींच गुप्तपोलिसांच्या जुन्या दप्तराचा नाश झाला. सोव्हिएट काळांत छळलेल्या माणसांचीं प्रकरणें त्यांत होतीं. कीव प्रांतांतील इवान्कीवचें संग्रहालय पहिल्याच आठवड्यांत जळालें, परंतु मारिया प्रिमाचेंको हिचीं कांहीं चित्रें गांवकऱ्यांनीं आगींतून बाहेर काढलीं. ता. ६ मे २०२२ च्या रात्रीं खारकीव प्रांतांतील तत्त्वज्ञ स्कोवोरोदा याचें स्मृतिगृह क्षेपणास्त्रानें पडलें. तें साल त्याच्या जन्माचें तीनशेंवें होतें. तेथील मौल्यवान वस्तु अगोदरच हलविल्या असल्यामुळें वांचल्या.

सर्वांत मोठी लूट खेर्सोनची. शहर सोडण्यापूर्वीं रशियनांनीं कलासंग्रहालयांतून दहा हजारांच्या आसपास वस्तु, व सरकारी दप्तरखान्यांतून कागदांचा मोठा भाग नेला. अठराव्या शतकांत तें शहर वसविणाऱ्या पोतेम्किनच्या अस्थिहि चर्चमधील थडग्यांतून काढून नेल्या. संग्रहालयाच्या सेवकांनीं पुढें क्रीमियांतील सिम्फेरोपोल येथें घेतलेल्या चित्रफितींवरून आपलीं चित्रें एकेक करून ओळखलीं. युनेस्कोच्या यादींत २०२५ सालीं पांचशेंहून अधिक सांस्कृतिक स्थळांच्या हानीची नोंद झालेली होती. उलट बाजूस, १ मार्च २०२२ पासून हजाराहून अधिक परदेशी स्वयंसेवकांनीं युक्रेनच्या ग्रंथालयांचीं, दप्तरखान्यांचीं व संग्रहालयांचीं पांच हजारांहून अधिक संकेतस्थळें उतरून सुरक्षित ठेवलीं. नकलांचें हें काम युद्ध चालू असतां झालें म्हणूनच उपयोगी पडलें.

दप्तर नष्ट होणें म्हणजे काय याचा त्या देशास जुना अनुभव आहे. १९३२–३३ च्या दुष्काळांत युक्रेनमध्यें लक्षावधि माणसें मेलीं. जानेवारी १९३७ मध्यें सोव्हिएट संघाची शिरगणति झाली तेव्हां लोकसंख्या अपेक्षेहून फारच कमी, १६ कोटि २० लक्ष, भरली. सरकारनें ती शिरगणतीच रद्द ठरविली व ती करणारे अधिकारी तुरुंगांत टाकले. त्या दुष्काळाचे मृत मोजण्यासाठीं इतिहासकारांस पुढें दप्तरें खुलीं होईपर्यंत पन्नासांहून अधिक वर्षें थांबावें लागलें.

८. उपसंहार

वरील विवेचनावरून या युद्धाच्या साधनांचे तीन वर्ग पडतात. पडताळलेली यादी ही खालची मर्यादा देते. थडगीं व वारसनोंदी यांवरील अनुमान मधली जागा दाखवितें. सरकारांचे जाहीर आंकडे त्या त्या सरकारला त्या दिवशीं काय सांगणें सोईचें होतें याचा पुरावा आहेत. आंकडा उतरून घेतांना त्याच्याबरोबर तारीख, मोजणाराचें नांव व मोजण्याची रीत उतरून घेतली नाहीं, तर पुढील संशोधकापुढें बखरींचाच गुंता पुन्हां उभा राहील.

शेवटीं संग्राहकांस एक सूचना. २०२२ सालीं परत आलेल्या विद्यार्थ्यांजवळ सरहद्द ओलांडतांनाचे कागद, तिकिटें, तळघरांत लिहिलेल्या टिपणवह्या व घरच्यांस पाठविलेले संदेश अजून असतील. त्यांच्या नकला तारखेनिशीं घेऊन ठेवाव्या. दूरध्वनि बदलला कीं त्यांतील संदेश नाहींसे होतात, आणि पुण्याच्या किंवा नागपुरच्या मुलानें खारकीवच्या तळघरांतून आईला काय कळविलें हें परत सांपडण्यास दुसरें दप्तर नाहीं.